मतदारसंघ लक्षात राहिले, शाळा विसरलो : नामदार गोखले वाचताना

मराठी माणसाला गोपाळ कृष्ण गोखले माहीत असतात, पण बहुधा दुसऱ्या कुणाच्या नावाला जोडून. टिळक-गोखले, आगरकर-गोखले, गोखले-गांधी. आमच्यातल्या वाचत्या मंडळींना आणखी एक जोडी ठाऊक असते, ती म्हणजे गोखले-जिना. 'मुसलमानांचा गोखले' होण्याची आपली महत्त्वाकांक्षा आहे, असे तरुण जिना उघडपणे सांगत, ही नोंद सरोजिनी नायडूंनी करून ठेवली आहे. फाळणीनंतर ही नोंद कधी कौतुकाने, कधी उपरोधाने पुढे केली गेली. या साऱ्यात खुद्द गोखले काय बोलले, कुणासाठी बोलले, हा प्रश्न मागेच राहिला. मराठी मुसलमान वाचकापुरते बोलायचे तर तो कधी विचारलाच गेला नाही, असे आमचे मत आहे.

गोखले १९०५ च्या डिसेंबरात बनारसला भरलेल्या राष्ट्रीय सभेचे अध्यक्ष झाले. वय एकोणचाळीस. या पदाला पुढच्या काळात 'राष्ट्रपती' म्हणण्याचा प्रघात पडला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात देशाच्या राजकारणात इतक्या मोठ्या जागी बसलेला हा कोकणातल्या गरीब घरातला शाळामास्तर. न. र. फाटकांनी त्यांचे चरित्र 'आदर्श भारतसेवक' या नावाने लिहिले व त्याला १९७० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. गोविंद तळवलकरांनी 'नेक नामदार गोखले' लिहिले. मराठीत गोखल्यांवर साहित्यच नाही, अशी तक्रार म्हणूनच करता येत नाही. तक्रार वेगळी आहे. मराठी चर्चा जहाल आणि मवाळ या दोन शब्दांच्या पलीकडे फारशी जात नाही. मवाळ म्हटले की भित्रा, सरकारला चिकटलेला, असा शिक्का बसतो आणि पुस्तक मिटते. आम्ही ते मिटलेले पुस्तक पुन्हा उघडून पाहिले. त्यात आम्हाला दोन गोष्टी सापडल्या. एक औरंगजेबाविषयीचे वाक्य आणि दुसरी पडलेले एक विधेयक. या लेखाचा विषय तेवढाच आहे.

बनारसचे भाषण आणि एक वाक्य

बनारसच्या अध्यक्षीय भाषणात गोखल्यांनी लॉर्ड कर्झनच्या कारकिर्दीचा हिशेब मांडला. बंगालची फाळणी नुकतीच अमलात आली होती. वातावरण तापलेले होते. अशा वेळी कर्झनला उपमा कुणाची द्यावी? गोखल्यांनी दिली ती औरंगजेबाची. अशा कारभाराला तोड शोधायची तर आपल्या इतिहासात औरंगजेबाच्या काळापर्यंत मागे जावे लागेल, असे ते म्हणाले.

येथे आमच्यासारख्या वाचकाचे कान टवकारतात. औरंगजेब हे नाव महाराष्ट्रात कसे वापरले जाते, याचा अनुभव आमच्या गाठीशी आहे. जून २०२३ मध्ये मोबाइलवरच्या मजकुरावरून कोल्हापुरात दगडफेक झाली आणि त्यात हे नाव होते. मार्च २०२५ मध्ये खुलताबादच्या कबरीच्या वादातून नागपूर पेटले. कुणी हे नाव उच्चारले की समोरच्या मुसलमानाने खाली पाहावे किंवा खुलासा करावा, अशी अपेक्षा असते. त्यामुळे गोखल्यांचे वाक्य वाचताना आमची पहिली प्रतिक्रिया, हेही त्यातलेच, अशी झाली हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

पण वाक्य तेथे संपत नाही. दोघांतले साम्य कशात, ते गोखले एकेक करून सांगतात. सत्ता कमालीची एककेंद्री आणि एका व्यक्तीभोवती फिरणारी. हेतूची तीव्रता. कर्तव्याची जबरदस्त जाणीव. कामाचा अचाट उरक. एकटेपणाची भावना. आणि शेवटी अविश्वास व दडपशाहीचे धोरण चिकाटीने चालवणे, ज्यातून चहूकडे कटुता पसरली. ही यादी नीट पाहावी. यात औरंगजेबाचा धर्म नाही. देवळे नाहीत, जिझिया नाही. एका राज्यकर्त्याच्या कारभाराची प्रकृती आहे, आणि त्या प्रकृतीत गुणही मोजलेले आहेत. कष्टाळूपणा, कर्तव्यबुद्धी आणि एकटेपण हे शब्द एका मराठी पुढाऱ्याने औरंगजेबासाठी भर सभेत वापरले. जदुनाथ सरकारांच्या औरंगजेबावरील ग्रंथाचे पहिले खंड १९१२ साली आले. म्हणजे गोखले हे बोलले त्याच्या सात वर्षे आधी.

आम्ही सोलापूर जिल्ह्याचे लोक. मंगळवेढ्याजवळ भीमेच्या काठी ब्रह्मपुरीला औरंगजेबाची छावणी १६९५ ते १६९९ अशी चार वर्षे होती. माचणूरचा किल्ला आजही तेथे उभा आहे आणि त्याच्या शेजारी सिद्धेश्वराचे देऊळही आहे. दिल्लीपासून इतक्या लांब, उतारवयात, नदीकाठी तंबूत बसून साम्राज्य चालवणारा तो बादशहा आमच्या डोळ्यांसमोर आणायचा तर गोखल्यांचा 'एकटेपणा' हा शब्द किती नेमका आहे, हे कळते. 'अविश्वास' हा शब्दही तितकाच नेमका. दोन्ही शब्द एकाच वाक्यात ठेवण्याची ताकद असली पाहिजे. औरंगजेबाला सैतान ठरवणाऱ्यांकडे ती नाही आणि त्याला वली ठरवणाऱ्या आमच्यातल्या काहींकडेही नाही.

गोखल्यांच्या गद्याचा हा विशेष आहे. ते शत्रूचीही मोजणी करतात. त्यांचे भाषण ऐकून टाळ्या पडत असतील, पण ते टाळ्यांसाठी लिहिलेले दिसत नाही. आकडा, तुलना, मग निष्कर्ष, अशी त्यांची चाल आहे. अंकगणिताच्या मास्तराची चाल. त्यांचे शालेय अंकगणिताचे पुस्तक पिढ्यान् पिढ्या वापरात होते. हाच मास्तर १९०२ साली कलकत्त्याच्या वरिष्ठ कायदेमंडळात उभा राहिला आणि सरकारच्या अंदाजपत्रकातली शिल्लक ही भरभराटीची खूण नसून जादा कराची खूण आहे, असे त्याने आकड्यांनी दाखवले. दुष्काळ आणि प्लेग यांनी लोक मरत असताना तिजोरीत शिल्लक कशी, हा त्याचा सवाल होता. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन्ही दुष्काळांत होरपळलेल्या सोलापूर जिल्ह्याला या प्रश्नाचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नव्हती. मिठावरील कर १९०३ पासून टप्प्याटप्प्याने खाली आला, त्यामागे या सततच्या मोजणीचा वाटा आहे.

मोजणी करणाऱ्याची चूकही मोजली जाते. १८९७ साली इंग्लंडात असताना गोखल्यांनी पुण्यातल्या प्लेगच्या झडत्यांत गोऱ्या सोल्जरांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याचे सांगितले. ही माहिती त्यांना पुण्याहून पत्रांनी आली होती. परतल्यावर पुरावा देण्यास कुणी पुढे येईना. गोखल्यांनी बिनशर्त माफी मागितली. लोकांनी त्यांची हेटाळणी केली. झडत्यांविषयीचा संताप खोटा नव्हता. मार्च १८९८ मध्ये मुंबईत रिपन रोडवरच्या मुसलमान विणकरांच्या वस्तीत एका आजारी मुलीच्या तपासणीवरूनच दंगल उसळली होती. तरीही सिद्ध न करता येणारे विधान मागे घेतले पाहिजे, असे गोखल्यांनी मानले. आज अफवेवर घरे जळतात. अशा काळात ही माफी आम्हाला दुबळेपणाची वाटत नाही.

या भाषणाची उणीवही सांगितली पाहिजे. फाळणीने बंगालच्या मनाला झालेली जखम गोखले समर्थपणे मांडतात. पूर्व बंगालच्या मुसलमान शेतकऱ्याच्या बाजूने त्याच फाळणीकडे पाहिले तर काय दिसते, हा प्रश्न मात्र भाषणाच्या केंद्रस्थानी येत नाही. कर्झनने १९०४ साली डाक्क्याला जाऊन याच प्रश्नावर मुसलमानांना स्वप्न दाखवले होते. पुढाऱ्याने जो प्रश्न विचारला नाही, तो राज्यकर्त्याने विचारला आणि आपल्या सोयीने उत्तर दिले. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९०६ मध्ये, त्याच डाक्क्यात मुस्लिम लीगची स्थापना झाली.

आमच्या भीतीचे मोल

गोखले हे त्यातून शिकले, असे आम्हाला वाटते. १९०७ साली ते उत्तर हिंदुस्थानच्या दौऱ्यावर गेले. सर सय्यदांच्या अलिगढला राष्ट्रीय सभेविषयी प्रेम नव्हते. पण तेथील विद्यार्थ्यांनी गोखल्यांच्या गाडीचे घोडे सोडले आणि गाडी स्वतः ओढली. या दौऱ्यात आणि पुढे १९०९ साली पुण्यात डेक्कन सभेपुढे बोलताना त्यांनी एक मुद्दा पुनःपुन्हा मांडला. हिंदू संख्येने जास्त आहेत, शिक्षणात पुढे आहेत, म्हणून एकीसाठी पहिले पाऊल टाकण्याची जबाबदारी त्यांची जास्त आहे. मुसलमानांच्या मनातली भीती खोटी आहे, असे म्हणून ती जात नाही. ती आहे, हे धरून पुढे जावे लागते.

हे पुण्यात, १९०९ साली, बहुसंख्याकांच्या सभेत सांगितलेले आहे. अल्पसंख्याकांना दुसऱ्याच्या अंगणात जाऊन उपदेश करणारे पुष्कळ असतात. आपल्याच अंगणात उभे राहून आपल्याच माणसांना त्यांचा वाटा सांगणारे कमी.

विभक्त मतदारसंघांविषयीची त्यांची भूमिका याच विचारातून आली. मराठीत ती बहुतेक अर्धीच सांगितली जाते. गोखल्यांनी विभक्त मतदारसंघांना पाठिंबा दिला, एवढेच वाक्य एका बाजूला दोषारोप म्हणून आणि दुसऱ्या बाजूला प्रमाणपत्र म्हणून फिरवले जाते. त्यांची पूर्ण सूचना अशी होती : आधी सर्वांनी मिळून सर्वसाधारण निवडणूक करावी. तीत अल्पसंख्याकांना त्यांचा न्याय्य वाटा मिळाला नाही, तर जेवढी उणीव राहिली तेवढी भरून काढण्यासाठी पूरक म्हणून वेगळी निवडणूक घ्यावी. म्हणजे एकत्र येण्याची संधी आधी आणि संरक्षण नंतर, पण संरक्षण नक्की. १९०९ च्या कायद्याने हा क्रम पाळला नाही. पुढे जे झाले ते सर्वांना ठाऊक आहे. गोखल्यांची योजना अमलात आली असती तर देशाचा इतिहास बदलला असता, असा दावा आम्ही करणार नाही. पण एका प्रश्नाला दोनच उत्तरे असतात, हे आमच्या दोन्ही समाजांनी गृहीत धरले. तिसरे उत्तर एका मराठी माणसाने मांडलेले होते आणि ते वाचले गेले नाही, एवढे तरी नोंदवले पाहिजे.

आणि येथेच आमचा मुख्य प्रश्न उभा राहतो. त्या मतदारसंघांत मतदार कोण होते? जमीनदार, मोठे करदाते, पदवीधर. सोलापुरात मागावर बसणारा मोमीन, पद्मशाली, साळी किंवा कोष्टी यांपैकी कुणालाही विभक्त मत नव्हते आणि संयुक्तही नव्हते. ज्या हक्कावर चाळीस वर्षे शाई सांडली, तो हक्क आमच्या पणजोबांच्या हाती कधी नव्हताच. त्यांच्या मुलांच्या हाती काहीतरी देऊ पाहणारी गोष्ट वेगळी होती. ती १९११ साली आली, १९१२ साली गेली आणि तिचे स्मरण ना हिंदूंनी ठेवले ना आम्ही.

पडलेले विधेयक

गोखल्यांचे वडील वारले तेव्हा ते तेरा वर्षांचे होते. थोरले बंधू गोविंदराव यांनी शिक्षण सोडून पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यातले आठ रुपये ते धाकट्याच्या शिक्षणाला पाठवीत. गोपाळराव १८८४ साली एल्फिन्स्टन कॉलेजातून पदवीधर झाले आणि फर्ग्युसनला पंच्याहत्तर रुपयांवर शिकवू लागले. कुणीतरी शिक्षण सोडले म्हणून आपण शिकलो, याची जाणीव या माणसाला जन्मभर राहिली असणार. आमच्या वस्त्यांत अशी घरे अजून आहेत. थोरला मागावर किंवा गॅरेजात, धाकटा कॉलेजात.

मार्च १९१० मध्ये गोखल्यांनी कायदेमंडळात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे करण्याचा ठराव आणला. त्यांनी आकडे दिले. जपानात एकूण लोकसंख्येच्या ११ टक्के मुले प्राथमिक शाळेत होती आणि ब्रिटिश हिंदुस्थानात १.९ टक्के. १६ मार्च १९११ रोजी त्यांनी विधेयक मांडले. ते फार सावध होते. सहा ते दहा वर्षांच्या मुलांना शाळेत पाठवण्याची सक्ती करण्याचा अधिकार नगरपालिकांना व लोकल बोर्डांना द्यावा. तीही सरकारची मंजुरी घेऊन आणि आधीच ठरावीक प्रमाणात मुले शाळेत जात असतील तेथेच. ज्या पालकाचे उत्पन्न महिना दहा रुपयांपेक्षा जास्त नाही, त्याच्या मुलाला फी नाही. खर्चाचे दोन वाटे सरकारने आणि एक वाटा स्थानिक संस्थेने उचलावा. सुरुवात मुलांपासून, मुलींना ही सक्ती पुढे लागू करता येईल, अशी सोय.

मुलींना मागे ठेवणे ही या विधेयकाची मोठी उणीव होती. जोतिराव आणि सावित्रीबाईंच्या पुण्यात, फातिमा शेख यांच्या पुण्यात वाढलेल्या सुधारकाने ती तडजोड करावी, हे खटकते. विरोध कमी व्हावा म्हणून केलेल्या तडजोडीने विरोध कमी झालाच नाही.

याच १९११ साली फॅक्टरीचा नवा कायदा झाला. त्यानुसार नऊ वर्षांचे मूल कापडगिरणीत दिवसाला सहा तास कामाला लावणे कायदेशीर होते. सोलापुरात तेव्हा १८७७ साली स्थापन झालेली जुनी मिल चालू होती, तिच्या पाठोपाठ इतर गिरण्याही उभ्या राहिल्या होत्या. एक कायदा मुलाला नवव्या वर्षी गिरणीचे दार उघडून देत होता आणि दुसरे विधेयक त्याला दहाव्या वर्षापर्यंत शाळेत धरून ठेवू पाहत होते. पहिला संमत झाला, दुसरे पडले. सोलापूरच्या कामगार वस्त्यांचा इतिहास लिहिताना हे दोन कागद शेजारी ठेवावेत, अशी आमची सूचना आहे.

मार्च १९१२ मध्ये दोन दिवस चर्चा झाली. सरकारतर्फे शिक्षणखात्याचे सभासद हार्कोर्ट बटलर यांनी विरोध केला. दरबाराच्या निमित्ताने शिक्षणाला पन्नास लाखांची देणगी जाहीर करणाऱ्या सरकारला सक्ती मात्र नको होती. जमीनदार मंडळींना शिकलेला मजूर नको होता. पंजाबचे मलिक उमर हयात खान विरोधात होते. बाजूने कोण होते? मुंबईचे महंमद अली जिना आणि बिहारचे मजहरुल हक. १९ मार्चला मते मोजली गेली. विधेयकाच्या बाजूने १३ आणि विरुद्ध ३८.

ही यादी धर्मानुसार वाचून पाहा. ती वाचता येत नाही. मुसलमान दोन्ही बाजूंना आहेत, हिंदूही दोन्ही बाजूंना. ती वाचता येते ती एकाच रीतीने : ज्यांना मागावरच्या मुलाने शिकावे असे वाटत होते ते आणि ज्यांना वाटत नव्हते ते. आमच्या इतिहासाची पुस्तके हिंदू आणि मुसलमान या दोन रकान्यांत लिहिली गेली, म्हणून ही मतमोजणी कुठल्याच रकान्यात बसली नाही आणि गळून पडली. सोलापूरचे प्रा. फकरुद्दीन बेन्नूर (१९३८-२०१८) मुसलमान समाजाकडे केवळ धर्माच्या चष्म्यातून पाहू नका, त्याची सामाजिक आणि आर्थिक रचना पाहा, असे आग्रहाने सांगत. या मतमोजणीइतके त्याला बोलके उदाहरण आम्हाला दुसरे सापडत नाही.

पराभवाची खात्री असतानाच गोखल्यांनी त्या चर्चेत जे सांगितले, त्याचा आशय असा : पुढच्या पिढ्या आपल्या यशाने देशाची सेवा करतील, आमच्या पिढीला मात्र आपल्या अपयशानेच ती करावी लागणार. हे रडगाणे नव्हते. पुन्हा विधेयक येईल, पुन्हा पडेल आणि त्या पडण्यातूनच पायरी तयार होईल, हा हिशेब होता. हिशेब चुकला नाही. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ पासून मोफत सक्तीचे शिक्षण सुरू केले. १९१८ साली विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यातल्या नगरपालिकांना सक्तीचा अधिकार मिळाला. घटनेत शिक्षण हा मूलभूत हक्क झाला तो २००२ च्या दुरुस्तीने आणि सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठीचा कायदा लागू झाला १ एप्रिल २०१० रोजी. त्या मतमोजणीनंतर अठ्ठ्याण्णव वर्षांनी. गोखले ते पाहायला नव्हते. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी ते गेले. मागे त्यांनी राजकीय सुधारणांचा एक मसुदा ठेवला. तो पुढे १९१७ साली आगाखानांनी प्रसिद्ध केला.

भाषेची भिंत

गोखल्यांवर आमचा सर्वांत गंभीर आक्षेप राजकारणाचा नाही, भाषेचा आहे. एवढी स्वच्छ, मोजलेली भाषणे त्यांनी इंग्रजीत केली. ऐकणारे कलकत्त्यातले अधिकारी होते. ज्याच्या मुलासाठी विधेयक होते, त्या विणकरापर्यंत त्यातला शब्दही पोचला नाही. मराठीत नाही, दखनीत नाही, तेलुगूत नाही. विधेयकाच्या मागे लोक उभे राहिले नाहीत, कारण लोकांना ते सांगितलेच गेले नव्हते. टिळकांचे मोठेपण नेमके येथे आहे. त्यांच्याशी शंभर मतभेद असोत, ते मराठीत लिहीत होते.

ही भिंत पुढच्या पिढीने पाडली. आमच्या सोलापूरचे कुर्बान हुसेन हे त्या पिढीचे. गिरणी कामगारांत वावरणारा, 'गझनफर' नावाचे वृत्तपत्र चालवणारा हा तरुण. १९३० च्या मे महिन्यात सोलापुरात मार्शल लॉ पुकारला गेला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांच्याबरोबर कुर्बान हुसेन येरवड्यात फासावर गेले. दर जानेवारीत आम्ही चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी उभे राहतो. त्या चौघांचा मार्ग गोखल्यांचा नव्हता, हे उघड आहे. पण गिरणीच्या पोराच्या हाती लेखणी यावी, हे स्वप्न दोघांचे एकच होते. हुतात्मा आठवणे सोपे असते, त्याला एक दिवस असतो. पडलेल्या विधेयकाला दिवस नसतो.

आज स्थिती काय आहे? सच्चर समितीने २००६ साली दाखवून दिले की २००१ च्या जनगणनेत देशातील मुसलमानांची साक्षरता ५९.१ टक्के होती आणि देशाची सरासरी ६४.८. सहा ते चौदा वयातली चौथाई मुसलमान मुले एकतर शाळेत गेलीच नव्हती किंवा मधूनच बाहेर पडली होती. महाराष्ट्राचे चित्र वेगळे निघाले. येथे मुसलमानांची साक्षरता ७८.१ टक्के, म्हणजे राज्याच्या सरासरीपेक्षाही थोडी वर. याचा आम्हाला अभिमान आहे. त्या टक्क्यांत आमच्या आयांच्या विड्यांचे पैसे आहेत. पण अक्षर ओळखणे आणि दहावीपलीकडे टिकणे यांत अंतर आहे, ते यंत्रमागाच्या आवाजात राहणाऱ्याला सांगायला नको. आमचे पुढारी अजूनही जागा किती मिळाल्या याचा हिशेब आधी मागतात. वर्गात किती टिकले याचा नंतर, आणि पुष्कळदा मागतच नाहीत. १९०९ आणि १९१२ मधली आमची आवडनिवड फारशी बदललेली नाही, हे या लेखाच्या शेवटी जड मनाने लिहावे लागते.

गोखले आमचे कोण? ते आमच्या समाजाचे नव्हते आणि आमच्यावर उपकार करायलाही निघाले नव्हते. दहा रुपयांच्या आत मिळकत असलेल्या बापाचा मुलगा, एवढीच त्यांची व्याख्या होती. त्यात आम्ही आपोआप आलो. कुणी आपल्याला वेगळे मोजून जवळ घ्यावे याची इतकी सवय झाली की न मोजता सामावून घेणारा माणूस आमच्या लक्षातच आला नाही.

म्हणून एक साधी विनंती. बनारसचे अध्यक्षीय भाषण, १९०९ चे डेक्कन सभेतले भाषण आणि १९११-१२ ची शिक्षणविषयक भाषणे सोप्या मराठीत आणि उर्दूत छोट्या पुस्तिकांच्या रूपाने आली पाहिजेत. मुस्लिम मराठी साहित्याची चळवळ १९९० साली पहिले संमेलन भरवून याच सोलापुरात उभी राहिली. हे काम तिने अंगावर घ्यायला हरकत नाही. आमच्यातल्या एखाद्या डी.एड. झालेल्या मुलीने ही भाषणे भाषांतरित करावीत. विधेयकात जिला मागे ठेवले होते, तिनेच ते पुढे आणलेले आम्हाला पाहायचे आहे.